चिचेन इत्झा आणि सेनोतेत पोहणं, एकाच दिवसात आणि स्वस्तात: कुणी गेलंय का?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे ह्यूस्टनला असू. नाताळच्या आधी त्याला आठवडाभर सुट्टी आहे आणि सूनबाईंनी कॅनकूनची तिकिटं काढूनसुद्धा टाकली. आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, त्यामुळे मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही असं मुलगा म्हणतो. ते खरं ना, एवढं कुणीतरी सांगा म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

आता मुख्य गोष्ट. आमच्या ह्यांना चिचेन इत्झाला माया लोकांचे, म्हणजे तिथल्या जुन्या रहिवाशांचे, पिरॅमिड बघायचेत. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रात्री जेवण झालं की हेच व्हिडिओ चालू असतात. पण उजवा गुडघा कुरकुरतो. मला मात्र पोहायचंय. लहानपणी हरिपूरला संगमावर पाठीला सुका भोपळा बांधून शिकले, लग्न होऊन विश्रामबागेत आले आणि पोहणं सुटलं ते सुटलंच. तिकडे जमिनीच्या पोटात गोड्या पाण्याची कुंडं असतात ना, सेनोते म्हणतात ती, ती बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीत. समुद्राचं मला कौतुक नाही. नातू सात वर्षांचा आहे, क्लबच्या तलावात पोहतो. सूनबाईंना पाण्याची भीती वाटते. आणि चिरंजीव म्हणतात, मी सुट्टीवर आलोय, गाडी चालवणार नाही.

म्हणून गाईडसह एक दिवसाची ट्रिप शोधतेय. इंटरनेटवर ३५ डॉलरपासून १४० डॉलरपर्यंत भाव दिसतात. फोटो तेच, यादी तीच: चिचेन इत्झा, सेनोते, वायादोलिद गाव, दुपारचं जेवण. मग मधला शंभर डॉलरचा फरक कशाचा? पाच माणसांचे मिळून पाचशे डॉलर होतात, थोडेथोडके नव्हेत. आम्ही शाकाहारी (अंडं चालतं). सेनोतेत उतरायला पायऱ्या किती, कपडे काय घालायचे, पोहायला खरोखर वेळ मिळतो की पाय बुडवून वर या म्हणतात? स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहावं ही विनंती.

मिरज_जंक्शन

आम्ही गेल्या हिवाळ्यात त्या चाळीस डॉलरच्या बसनंच गेलो होतो. उगाच फार विचार करू नका. सकाळी सातला हॉटेलवरून उचललं, रात्री जेवायच्या वेळेला परत सोडलं. गाईड आधी स्पॅनिशमध्ये सांगतो, मग तेच इंग्रजीत, म्हणजे झोप लागली तरी काही चुकत नाही. पिरॅमिड बघितला, पाण्यात उड्या मारल्या, पोटभर जेवलो. एवढ्या पैशात आणखी काय पाहिजे?

व्हिसाचं तुमच्या मुलाचं बरोबर आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोत १८० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येतं. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा, विमानतळावर विचारू शकतात.

कासरोड (सातारा)

ताई, मी साताऱ्यात टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली हे आमचं रोजचं. बहीण अटलांटाला असते, तिच्या कुटुंबाबरोबर कॅनकूनला जाणं झालं. सगळे पिरॅमिड बघत होते आणि मी बसवाल्याचा हिशोब मांडत होतो. धंद्याची सवय, जात नाही.

तुमचा शंभर डॉलरचा प्रश्न आधी घेतो. कॅनकून ते चिचेन इत्झा एका बाजूनं दोनशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चारशे. रस्ता टोलचा, आणि टोल चांगलाच तगडा. त्यात एसी बस, ड्रायव्हर, गाईड, बुफे. पस्तीस डॉलरमध्ये हे बसत नाही हो, कुणीही गाडीवाला सांगेल. मग ते घरचे पैसे घालून आपल्याला फिरवतात का? तर नाही.

प्रवेशाचं तिकीट त्या पस्तीसमध्ये नसतंच. जाहिरातीत तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. चिचेन इत्झाला परदेशी माणसाला दोन तिकिटं लागतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं आणि एक युकातान राज्याचं. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही मिळून माणशी सातशे पेसोंच्या घरात गेलं. पेसो तेव्हा साडेचार-पाच रुपयांचा होता, म्हणजे तीन हजारांच्या वर गेलेच की. हे पैसे बसमध्ये रोख गोळा करतात, आणि डॉलर दिलात तर भाव त्यांचा. तेव्हा पेसोच द्या.

मग येतं दुकान. वाटेत एका मोठ्या शेडपुढं बस थांबते. गावच्या कारागिरांची सहकारी संस्था आहे, असं सांगतात. आत काळ्या ज्वालामुखी काचेच्या मूर्ती, चांदी, घोंगड्या, टकिला चाखायला छोटे पेले. त्याआधी बसमध्येच गाईड एक फॉर्म फिरवतो: तुमचं नाव माया चित्रलिपीत कोरून चांदीचं पदक, परत येताना तयार मिळेल. आणि उतरताना दारात एक पोरगा प्रत्येकाचा फोटो काढत होता. आम्हाला वाटलं मोजदाद चालली असेल. संध्याकाळी निघताना बघतो तर टकिलाच्या बाटलीवर लेबल म्हणून बहिणीच्या नवऱ्याचा फोटो, डोळे मिटलेला! भाचा हसून हसून खाली बसला. किंमत ऐकून बाटली तिथंच ठेवली, पण शेजारच्या सीटवरच्या जोडप्यानं दोन घेतल्या. दुकानात गाडी लावली की गाडीवाल्याला काय मिळतं हे मला कुणी शिकवायला नको. तुमच्या तिकिटाचा उरलेला भाग तिथनं वसूल होतो. त्यात गैर काही नाही, त्या पोराचंही पोट आहे. फक्त तिथं जो तास जातो तो तुमच्या पोहण्यातला जातो, एवढं ध्यानात ठेवा.

खरा फरक वेळेचाच आहे. स्वस्त बस हॉटेल-हॉटेल करत माणसं गोळा करते. सातला निघालं म्हणतात, पण शहराबाहेर पडेपर्यंत साडेआठ. मधे दुकान. पिरॅमिडपाशी पोचता ते ऐन उन्हात, आणि तुमच्याबरोबर कॅनकूनच्या सगळ्या बसही त्याच वेळी. आत दोन तास, त्यातला एक गाईडच्या मागं. सेनोतेवर पाऊण तास मिळतो, आणि त्यात लॉकरची रांग, शॉवरची रांग, तरंगायच्या लाइफ जॅकेटची रांग सगळं आलं. पाण्यात वीस मिनिटं पडली तर नशीब. मिरजकरांनी उड्या मारल्या ते खोटं नाही, तरुण माणसाला वीस मिनिटं पुरतात. तुम्ही इतक्या वर्षांनी पाण्यात उतरणार, तुम्हाला नाही पुरणार.

सत्तर-ऐंशी डॉलरच्या पुढं बहुतेक लहान व्हॅन असतात, बारा-पंधरा माणसं, पहाटे निघणाऱ्या, तिकिटं धरून, दुकान न घेणाऱ्या. बुक करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: गेटवर किती वाजता पोचता, आणि वाटेत खरेदीचा थांबा आहे का. उत्तर गोल-गोल आलं की समजून जायचं.

पण पाच माणसं असाल तर मी वेगळंच सांगेन. टूर घेऊच नका, गाईड तेवढा घ्या. आदल्या दिवशी दुपारी एडीओ नावाच्या कंपनीची बस धरून वायादोलिदला मुक्कामाला जा. आपल्याकडच्या चांगल्या शिवशाहीपेक्षा बरी बस आहे, दोन-सव्वादोन तासांत सोडते. गाव १५४३ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं, रंगीत भिंतींची बुटकी घरं, मधे चौक, कॅनकूनच्या मानानं हॉटेलं निम्म्या भावात. सकाळी स्टँडच्या जवळनंच शेअर व्हॅन सुटतात, त्यांना कोलेक्तिवो म्हणतात. भरली की निघाली, आपल्या वडापसारखं. पाऊण तासात गेट. गेट आठला उघडतं, तुम्ही पहिल्या रांगेत.

गेटवर सरकारी ओळखपत्र गळ्यात असलेले गाईड बसलेले असतात. भाव गटाचा असतो, माणशी नाही. आम्हाला हजाराच्या थोडं वर पेसो सांगितले. पाच जणांत वाटले की स्वस्त बसपेक्षा जास्त होत नाहीत, आणि गाईड फक्त तुमचा. आमचा गाईड जवळच्याच खेड्यातला, घरात माया भाषा बोलणारा. त्यानं कुकुल्कानच्या, म्हणजे त्यांच्या सर्पदेवाच्या, मुख्य पिरॅमिडपुढं एका ठराविक जागी आम्हाला उभं केलं आणि टाळी वाजवायला लावली. वरनं पक्षी ओरडल्यासारखा आवाज परत येतो. केत्साल नावाचा पवित्र पक्षी आहे त्यांचा, त्याचा आवाज म्हणतात. चारी बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, वरची एक धरून ३६५. मार्च आणि सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा कठड्यावर सावलीचा साप उतरतो. तुम्ही डिसेंबरात आहात, तो काही दिसणार नाही, त्यासाठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. वर चढायला कधीपासूनच बंदी आहे, त्यामुळे दाजींच्या गुडघ्याची काळजी सोडा. आतली जागा सपाट आहे, फक्त चालणं भरपूर. चेंडूचं मैदान तर दीडशे मीटरहून लांब, आणि उंच भिंतीतल्या त्या दगडी कड्यांतनं रबरी चेंडू घालवायचा! कोल्हापूरच्या पैलवानालाही घाम फुटेल.

दहाच्या सुमारास विक्रेते मांडणी पूर्ण करतात आणि जॅग्वारच्या डरकाळीची शिट्टी चहूबाजूंनी सुरू होते. नातू एक घेणारच, मनाची तयारी ठेवा. त्या वेळेला तुम्ही बाहेर पडायला लागा, कारण कॅनकूनच्या बस आत शिरायला लागतात.

एक सांगायचं राहिलं. आतच उत्तरेला पवित्र सेनोते आहे, भला मोठा, हिरव्या पाण्याचा. तिथं उतरता येत नाही. पावसाच्या देवाला तिथं सोनं, जेड नावाचा हिरवा मौल्यवान दगड आणि माणसं अर्पण करत. १९०४ पासून एडवर्ड थॉम्पसन नावाच्या अमेरिकन माणसानं तो उपसला, त्यात हाडंही निघाली. हे ऐकल्यावर पोहावंसं वाटतही नाही.

पोहायला इक किल, तीनेक किलोमीटरवर. लिंबची बारामोटेची विहीर बघितली असेल तुम्ही. तीच गोल करा, रुंदी चौपट करा, बांधलेल्या दगडाच्या जागी कातळ, आणि वरच्या काठावरनं झाडांची मुळं दोरखंडासारखी पार पाण्यापर्यंत सोडा. म्हणजे इक किल. वरनं पाणी २६ मीटर खाली. कातळातच कोरलेला जिना आहे, ओला असतो, पण मधे सज्जे आहेत, दाजी तिथं बसून फोटो काढू शकतात. पाणी चांगलंच खोल, काळे मासे पायाखालनं फिरतात, चावत नाहीत. जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. म्हणजे सूनबाईही उतरू शकतात, मधे दोर बांधलेले आहेत, धरून तरंगायचं. पण तुम्हाला हात मारून पोहायचं असेल तर जॅकेटमध्ये मजा येत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

अकराच्या आत इक किलला पोचलात तर गर्दी कमी. दुपारी एकनंतर तिथं पाणी दिसत नाही, नारिंगी जॅकेटंच दिसतात.

कृष्णाकाठची

अहो किती सविस्तर! हे ऐकून ह्यांनी टाळीचा सराव सुरू केलाय.

दोन शंका. एक, जॅकेटशिवाय पोहता येईल असा एखादा सेनोते आहे का? दुसरी, मुक्काम हलवायला सूनबाई नाखूश आहेत, कॅनकूनच्या हॉटेलात सगळ्या दिवसांचे पैसे भरलेत. मुक्काम न हलवता काही जमेल का?

कऱ्हाडकर_वहिनी (डॅलस)

ताई, तुमच्या सूनबाईंची बाजू मी घेते. लहान मूल घेऊन एका रात्रीसाठी बॅगा उचलणं बोलायला सोपं आहे.

मुक्काम हलवायचा नसेल तर चिचेन इत्झाचा हट्ट सोडा आणि दक्षिणेला जा. तुलुमचे अवशेष समुद्राच्या कड्यावर आहेत, कॅनकूनहून दोन तासांच्या आत. तटबंदीचं बंदर होतं ते, तेराव्या ते पंधराव्या शतकातलं. चिचेन इत्झाच्या मानानं इमारती लहान. काकांना कदाचित "एवढंच?" वाटेल. आम्हा बायकांना मात्र तिथून हलवेना, खाली निळाशार समुद्र आणि वर दगडी देऊळ. मात्र तिथेही आता एकाच जागी निरनिराळी तिकिटं फाडतात, बाहेरचे दलाल "इथूनच घ्या" म्हणून थांबवतात. सरळ चालत आतल्या खिडकीपर्यंत जायचं.

खरं तर काकांसाठी कोबा. तुलुमपासून पाऊण-एक तास, जंगलातलं शहर. नोहोच मुल नावाचा पिरॅमिड ४२ मीटर उंच, कुकुल्कानच्या पिरॅमिडपेक्षाही उंच. अवशेष लांब-लांब पसरलेत, पण आत तीनचाकी सायकलरिक्षा मिळतात. पुढे दोघं बसायचं, मागून माणूस पॅडल मारतो. माझ्या सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, ते राजासारखे फिरून आले. तिथून माया लोकांचा पांढऱ्या चुनखडीचा जुना रस्ता निघतो, तो सरळ शंभर किलोमीटर पश्चिमेला जातो. आणि कोबाच्या जवळ तीन सेनोते आहेत, चो-हा, तामकाच-हा, मुलतुम-हा. तामकाच-हामध्ये गोल लाकडी जिन्याने गुहेत उतरायचं आणि वर उड्या मारायला फळ्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा आत आम्ही आणि एक जर्मन कुटुंब, बस. पोहणाऱ्याला जॅकेटची सक्ती नव्हती. कॅनकूनहून कोबा-सेनोतेच्या छोट्या गटाच्या टूर निघतात, फक्त वरचे दोन प्रश्न विचारायला विसरू नका, ते अगदी योग्य आहेत.

पाण्याचं सांगते. तापमान बाराही महिने २४-२५ अंश. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, नंतर छान वाटतं. आत जाण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो आणि सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेलं चालत नाही, पाणी दूषित होतं. म्हणून सकाळी काही फासूच नका, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. कपड्यांची लाज बाळगू नका. मी गुडघ्यापर्यंतची लायक्राची पँट आणि वर पूर्ण बाह्यांचा पोहायचा टीशर्ट घालते, अर्ध्या बायका तशाच असतात. कॉटनचा पंजाबी ड्रेस मात्र नको, भिजला की जड होऊन पायात येतो. आणि रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या. चुनखडीचे दगड निसरडे तरी असतात नाहीतर धारदार.

जेवणाचं थोडं कठीण आहे. युकातानची शान म्हणजे कोचिनिता पिबिल, ते डुकराचं मांस. घेवड्याची उसळ दिसते शाकाहारी, पण ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. "सिन कार्ने, सिन मानतेका" एवढं पाठ करून जा, मांस नको आणि चरबी नको. तुम्हाला अंडं चालतं, मग पापाद्झुलेस नक्की मागा: मक्याच्या मऊ भाकरीत उकडलेलं अंडं गुंडाळून वर भोपळ्याच्या बियांची हिरवी चटणी. हाबानेरो मिरचीची चटणी वेगळी वाटीत येते. आपण तिखट खातो म्हणून चमचाभर घेऊ नका, बोटाच्या टोकावर घेऊन बघा.

विटेकर

चांदीचा विषय निघाला म्हणून बोलतो, आमचा गलाईचा धंदा. चांदीच्या कामानं मेक्सिकोत तास्कोला जाणं झालं होतं. त्या बसवाल्या पदकाबद्दल: मागं ९२५ चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा, शिक्का बघा. तिकडं अल्पाका म्हणून एक मिश्र धातू चांदीच्या नावाखाली खपवतात, त्यात चांदी औषधालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त. रंग सारखाच. हातात घेतल्यावर आमच्यासारख्याला कळतं, तुम्हाला नाही कळणार. शिक्का नसेल तर पितळेच्या भावात घ्या किंवा सोडा. शिक्का असला तरी दुकानातला भाव कमिशन धरूनच असतो, गावातल्या चौकात तेच कमी पैशात मिळतं.

दुसरं म्हणजे, तुम्ही सगळे चिचेन इत्झा आणि कोबातच अडकलात. अवशेष आणि पोहणं यांची खरी स्वस्त जोडी पालेंकेला आहे. चियापास राज्यात, डोंगर आणि जंगल. पालेंके गावातनं रोज सकाळी व्हॅन निघतात: आधी अवशेष, मग मिसोल-हा धबधबा, मग आग्वा आसुल. अवशेषांत पाकाल राजाचं देऊळ, ६१५ ते ६८३ राज्य केलं त्यानं. १९५२ साली पुरातत्त्वज्ञ अल्बेर्तो रुस यांनी देवळाच्या पोटातला बुजवलेला जिना मोकळा करून खाली त्याची कबर काढली. तोंडावर जेडचा मुखवटा! मिसोल-हा ३५ मीटरचा, पाण्याच्या पडद्यामागनं चालत जाता येतं. आग्वा आसुल म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे निळे डोह. पाण्यात चुनखडी विरघळलेली असते म्हणून तो रंग. पावसाळ्यात गढूळ होतो, डिसेंबरात झकास. आणि सगळं मिळून कॅनकूनच्या बसच्या निम्म्यात.

कासरोड

विटेकर, जागा भारी असणार, पण कॅनकूनहून पालेंके म्हणजे अख्खी रात्र बसमध्ये. आठवडाभराच्या सुट्टीत सात वर्षांचं पोर घेऊन? आणि तिथल्या सान क्रिस्तोबाल शहराकडच्या रस्त्यावर गावकरी नाकाबंदी करतात, पैसे घेऊन सोडतात, हे तिथला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. गेलंच तर पालेंके गावातच राहून तिथनं निघायचं, त्या घाटरस्त्यानं सान क्रिस्तोबालहून यायचं नाही. ताईंच्या कामाचं नाही ते.

कऱ्हाडच्या वहिनींचं मात्र पटलं. मुक्काम हलवायचा नसेल तर कोबा. पिरॅमिड म्हणजे चिचेन इत्झाच, असं दाजींच्या मनात घट्ट बसलं असेल तर पहाटेची व्हॅन घ्या, जादा पैसे मोजा, आणि पोहण्याची मोठी हौस दुसऱ्या दिवशी वेगळी भागवा. एकाच दिवसात दोन्ही पोटभर होत नाही.

जॅकेटशिवाय पोहायचं विचारलंत. वायादोलिदजवळ द्झितनुप गावात श्केकेन आणि सामुला असे दोन सेनोते रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. श्केकेन म्हणजे बंद गुहा, छताला एकच भोक, त्यातनं उन्हाचा झोत सरळ पाण्यात पडतो. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. छतावरनं लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांतनं पाणी टपकत होतं, आणि एक म्हातारी बाई, सत्तरीची असेल, त्या झोताच्या गोलात पाठीवर पडून डोळे मिटून नुसती तरंगत होती. तिचा नवरा काठावर कपडे सांभाळत होता. जॅकेटचा नियम मात्र दर मोसमात बदलतो, तिकीट काढताना खिडकीवरच "जॅकेट सक्तीचं आहे का" विचारा. सक्ती असेल तर शेजारच्या गावातला दुसरा बघायचा. त्या भागात सेनोतेंना तोटा नाही. युकातानला जमिनीवर नद्याच नाहीत, सगळा पाऊस चुनखडीत जिरून खालनं वाहतो, आणि जिथं छत कोसळलं तिथं एक तोंड उघडलं.

विटेकर

त्यात भर. मेरिदा शहराच्या बाजूला हे सेनोते नकाशावर अर्धवर्तुळात मांडल्यासारखे दिसतात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जी उल्का पडून डायनोसॉर संपले, तिच्या चिकशुलुब विवराची ती कड आहे. ताईंच्या नातवाला हे सांगा, पिरॅमिडपेक्षा यातच जास्त रस घेईल.

पालेंकेवर मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

कृष्णाकाठची

नातवाला सांगितलं. आता त्याला पिरॅमिड नकोत, "डायनोसॉरची विहीर" पाहिजे. सूनबाई कोबाला तयार आहेत, सायकलरिक्षा ऐकून हेही. पण चिचेन इत्झा न बघता परत आलो तर कारखान्यातल्या मित्रांना काय सांगायचं, हा ह्यांचा खरा प्रश्न आहे. तेव्हा दोन दिवस धरतोय: एक दिवस पहाटेची व्हॅन करून चिचेन इत्झा, तिथे पाण्यात पाय बुडवले तरी चालेल, दुसरा दिवस कोबा आणि तामकाच-हा, माझ्यासाठी. मी ते पाण्यातले बूट आजच मागवलेत.

व्हॅनवाल्याला दोन्ही प्रश्न मेलने विचारले. खरेदीचा थांबा नाही म्हणाला. गेटवर आठ वाजता पोचतो असंही म्हणाला, पण हॉटेलवरून निघायची वेळ सहा. अडीच तासांचा रस्ता असेल तर दोन तासांत कसा पोचणार? थाप मारतोय का?

कासरोड

नाही ताई, बरोबर सांगतोय. कॅनकून आहे किंताना रो राज्यात, चिचेन इत्झा युकातान राज्यात, आणि दोन्हींच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. कॅनकूनला सहा म्हणजे चिचेन इत्झाला पाच. जाताना तास कमवता, येताना तोच गमावता. म्हणून संध्याकाळी किती वाजता परत सोडणार ते कॅनकूनच्या वेळेनं लिहून घ्या. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, दाजींचं मनगटी घड्याळ बदलणार नाही. तुलुम आणि कोबाला ही भानगड नाही, ते किंताना रोमध्येच येतात.

आणि रविवार टाळा. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना केंद्राचं तिकीट माफ असतं, अख्खं राज्य सहकुटुंब लोटतं. मंगळवार-बुधवार बघा. नाताळच्या आधीचा आठवडा म्हणताय तर २० तारखेच्या आत उरकलं तर उत्तम, पुढं सगळीकडे भाव चढतात. व्हॅनवाल्याला गाईड इंग्रजीत पूर्ण बोलणार की दोन भाषांत, तेही विचारून घ्या. दोन भाषांत असेल तर वेळ निम्मा होतो. टिप दहा-पंधरा टक्के धरतात, पेसोत सुटे ठेवा.